गव्हाच्या आईचं गाव

‘आई, उद्यासाठी गहू भिजत घालायचेत,’ असं लेक म्हणाली, तेव्हा मी तिच्याशी बोलत नव्हते.

तसा अगदी अबोला नव्हता. चहा ठेवू का, कपडे आत आणू का, इतपत चाललं होतं. पण मनातून कट्टी होती, साठी उलटलेल्या बाईला न शोभणारी. कारण सांगायलाच हवं. आमचे जावई पिरेअसला जहाजांच्या एका कचेरीत आहेत. पिरेअस म्हणजे अथेन्सचं बंदर, शहराला अगदी चिकटून. तीन वर्षांचं काम होतं, ते संपलं की मंडळी पुण्याला परतणार, या हिशेबावर मी दिवस काढत होते. गेल्या नोव्हेंबरात दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेले आणि चौथ्या दिवशी कळलं, की आणखी पाच वर्षांचा करार झालाय. तोही एप्रिलमध्येच! त्याहून कहर म्हणजे ह्यांना जूनपासून सगळं ठाऊक होतं. ‘आईला एवढ्यात सांगायला नको, ती मनाला लावून घेते,’ असं बापलेकीचं फोनवर ठरलं होतं. मी मनाला लावून घेतलंच.

तर ते गहू. शेजारच्या घरात एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, हात कापतात, पण स्वयंपाकघराचा ताबा सोडलेला नाही. त्यांचं मूळ गाव एलेफ्सिना, अथेन्सपासून सुमारे वीस किलोमीटरवर. तिथे दरवर्षी २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी एका छोट्या चर्चमध्ये बायका उकडलेलं धान्य घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी मेरीमातेचा सण असतो. या मेरीमातेला तिथे ‘मेसोस्पोरितिस्सा’ म्हणतात, म्हणजे पेरणी निम्मी झाली, निम्मी राहिली अशा दिवसांतली माता. ग्रीसमध्ये गव्हाची पेरणी आपल्या रब्बीसारखी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. आजींना आता एकटीने पातेली उचलवत नाहीत, म्हणून गेली तीन वर्षं माझी लेक त्यांना मदत करत होती. हेही मला तेव्हाच कळलं. आपल्याकडे गौरीला यायला हिला रजा मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या आईकडे गहू उकडायला मिळते, असं मनात आलंच. खोटं कशाला सांगू!

त्या धान्याला ‘पोलिस्पोरिया’ म्हणतात, म्हणजे पुष्कळ बियांचं. गहू, हरभरे, पांढरा घेवडा, मसूर, घरात जे असेल ते. आजींची पद्धत सांगते. गहू आणि कडधान्यं रात्री वेगवेगळी भिजवायची, सकाळी वेगवेगळी शिजवायची, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. मसूर न भिजवता शेवटी टाकायची. मग सगळं एकत्र करून मीठ, ऑलिव्हचं तेल, वरून बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे. मला आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीची आठवण झाली, पण ती भाजी बैलाच्या कष्टाचं काही नको म्हणून करायची, आणि हे तर सारं नांगरटीचंच कौतुक. तेव्हा तुलना तिथेच सोडली.

खिरीसाठी म्हणून मी सामानातून सडलेली खपली नेली होती. आमच्या सांगलीकडे खिरीला खपलीच लागते, साधा गहू चालत नाही. काय वाटलं कोण जाणे, त्यातली वाटीभर मी आजींच्या पातेल्यात घातली. लेकीने बघितलं, बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आजींना त्यांच्या नातवाच्या गाडीतून संध्याकाळी यायचं होतं. आम्ही मायलेकी दुपारीच बसने निघालो. अथेन्समधून एलेफ्सिनाकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही ‘इएरा ओदोस’, पवित्र वाट, असं नाव आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी याच वाटेने शरद ऋतूत हजारो माणसं पायी जात. बायका, पुरुष, गुलामसुद्धा. अट एवढीच, की ग्रीक भाषा कळावी आणि हातून कुणाचा खून झालेला नसावा. वारीच म्हणा ना. आता त्या वाटेवर गॅरेजं, फर्निचरची दुकानं आणि ट्रक. गाव जवळ आलं तसे तेलाच्या शुद्धीकरणाचे मनोरे दिसायला लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून इथे सिमेंट, मग पोलाद, मग तेल असे कारखाने येत गेले. जिथे माणसाने पहिल्यांदा धान्य पेरलं असं ग्रीक लोक मानत, त्या मैदानावर! खाडीत जुनी गंजलेली जहाजं उभी आहेत. २०२३ साली या गावाला युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला होता, हे लेकीने सांगितलं. मी ‘हूं’ म्हटलं.

हे गाव डिमिटर देवीचं. जुन्या पुस्तकांतलं एल्युसिस ते हेच. डिमिटर म्हणजे धान्याची देवी. आजही ग्रीक भाषेत धान्यांना ‘दिमित्रिआका’ म्हणतात, दुकानातल्या पाकिटांवर तसं छापलेलं असतं. रोमन लोकांनी हिलाच सीरीस म्हटलं, आणि आपली मुलं सकाळी दुधात घालून जे ‘सीरिअल’ खातात त्याचं नाव त्यावरूनच आलं. तिची कथा होमरच्या नावावर मोडणाऱ्या एका फार जुन्या स्तोत्रात आहे. लेकीने ती मला त्या अवशेषांत शिरताना, उजव्या बाजूच्या गुहेपाशी उभं राहून सांगितली. मी बोलत नसले तरी ऐकत होते.

डिमिटरची एकुलती एक मुलगी, पर्सिफनी. मैत्रिणींबरोबर कुरणात फुलं तोडत होती. एक विलक्षण सुंदर फूल दिसलं म्हणून ओढायला गेली, तो जमीन दुभंगली, आणि पाताळाचा राजा हेडीस काळ्या घोड्यांच्या रथातून वर आला आणि तिला घेऊन गेला. आईने किंकाळी ऐकली, पण मुलगी दिसेना. नऊ दिवस हातात पेटत्या मशाली घेऊन ती पृथ्वीभर फिरली. अन्न नाही, स्नान नाही. शेवटी सूर्याने सांगितलं, की हे लग्न मुलीच्या बापाने, झ्यूसने, परस्पर ठरवलंय.

‘म्हणजे बापाला ठाऊक होतं,’ मी म्हटलं.

‘हो.’

‘कधीपासून?’

लेक हसली नाही. मीही नाही.

ही गुहा म्हणजे पाताळाचं दार मानत. खडकातला एक खोलगट कोनाडा आहे, फार मोठा नाही. मला पाहताक्षणी हरिपूरची पेवं आठवली. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खणलेली पेवं होती, आत हळद साठवत. तोंड अरुंद, पोट मोठं, वरून पाहिलं तर नुसतं भोक. माझे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांच्याबरोबर लहानपणी मी पेव उघडताना पाहिलंय. झाकण काढलं की लगेच कोणी उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर आत वायू साठलाय, थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरायचा. २००५च्या पुरात त्यांतली पुष्कळ पेवं गेली. पूर्वी आपल्याकडे गावोगाव ज्वारीसुद्धा अशीच पेवांत ठेवत.

हे आठवण्याचं कारण नंतर कळलं. आपल्याला वाटतं, पर्सिफनी पाताळात जाते तो हिवाळा, आणि परत येते तो वसंत. शाळेच्या पुस्तकात तसंच असतं, आणि स्तोत्रातही ती फुलांबरोबर वर येते असंच आहे. पण मार्टिन निल्सन नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने निराळं सांगितलं. ग्रीसचा हिवाळा हिरवा असतो, शेतं तेव्हाच पोपटी दिसतात. जमीन रखरखीत असते ती उन्हाळ्यात. मे-जूनमध्ये कापणी झाली की बियाणं जमिनीखालच्या कोठारांत ठेवत, आणि शरदात पेरणीला वर काढत. देवीची मुलगी म्हणजे ते पेवातलं धान्य! अभ्यासकांचा वाद काही मिटलेला नाही. पण पेव पाहिलेल्या बाईने कौल द्यायचा, तर माझा निल्सनला.

आईची कथा पुढे आहे, आणि खरी गंमत तिथेच. दुःखाने डिमिटर देवलोक सोडून म्हातारीच्या वेषात या गावी आली आणि एका विहिरीवर बसली. दारातच एक गोल, घडीव दगडांची विहीर आहे, देवी बसली ती हीच असं पुष्कळ जण मानतात. पाणी न्यायला राजाच्या चार मुली आल्या, त्यांनी तिला घरी नेलं. राणी मेटानेइराने आसन दिलं. ही बसेना, बोलेना, खाईना. तेव्हा घरातल्या इआम्बी नावाच्या दासीने काही चावट थट्टा केली, आणि देवीला हसू फुटलं. मग दारू नको म्हणाली, जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीचा पाला कालवून दिलेलं पेय मात्र प्याली. पुढे इथल्या व्रतात तेच पेय घेऊन उपास सोडत. एवढ्या मोठ्या दुःखात देवांचे निरोप कामी आले नाहीत, स्वयंपाकघरातल्या बाईची थट्टा आली.

तिथे ती राणीचं तान्हं मूल सांभाळायला राहिली. त्याला अमर करावं म्हणून रोज रात्री विस्तवात धरायची. एकदा राणीने पाहिलं आणि किंचाळली. देवी रागावली, आपलं खरं रूप दाखवलं, देऊळ बांधून घेतलं आणि आत जाऊन बसली. आणि तिने काय केलं? शाप दिला नाही, शस्त्र उचललं नाही. बी उगवू द्यायचं बंद केलं. बैल नांगर ओढताहेत, जव पडताहेत, कोंब नाही. माणसं मरायला टेकली, देवांचे नैवेद्य थांबले. तेव्हा कुठे झ्यूसला सुचलं, की मुलीच्या आईशी बोलावं.

हे ऐकताना मी त्या विहिरीशेजारच्या दगडावर बसले होते, आणि मला माझी आई दिसली.

माझं लग्न ठरलं १९८१ साली. हळदीच्या सौद्याच्या गडबडीत वडिलांनी एका गृहस्थांना शब्द दिला आणि रात्री पानं वाढताना आईला सांगितलं. स्थळात वाईट काही नव्हतं, ह्यांच्याशीच तर झालं ते लग्न! पण आईला कुणी विचारलं नव्हतं. ती काही बोलली नाही. वाढत राहिली. त्या भाद्रपदात गौरी आल्या. आमच्याकडे गौरीपुढे गव्हाच्या आणि तांदळाच्या राशी घालायची पद्धत. घरोघरी निराळं असतं, कुणाकडे तेरड्याच्या गौरी, कुणाकडे खड्यांच्या, आमच्याकडे मुखवटे आणि राशी. त्या वर्षी आईने सगळं केलं, सोळा भाज्या केल्या, पुरण घातलं, पण रास घातली नाही. कुणी विचारलं तर म्हणाली, ‘यंदा रास नको.’ वडील एकदा त्या मोकळ्या पाटाकडे बघून माडीवर निघून गेले. मला वाटलं, लग्नाचा खर्च समोर आहे म्हणून हात आखडलाय. इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

मी लेकीला हे सांगितलं. चार दिवसांनी पहिल्यांदा सलग बोलले असेन. ती खाली बसली आणि म्हणाली, ‘आजीने कधी बोलून दाखवलं नाही?’

‘कधीच नाही.’

मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण आई, माझं तसं नाही. मला कुणी रथात घालून आणलं नाही. करारावर सही करायला ह्याच्याआधी मीच हो म्हटलं. मला इथे आवडतं.’

पर्सिफनीला परत आणलं खरं, पण निघताना हेडीसने तिला डाळिंबाचा एक दाणा चोरून भरवला होता. पाताळातलं अन्न पोटात गेलं की माणूस तिथला. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिने खाली राहायचं आणि दोन हिस्से आईजवळ, अशी तडजोड झाली. मला नवल वाटलं नाही. आमचे आजोबा मुलीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नसत. कुठल्या घरचं काय पोटात जातं याचा हिशेब आपल्या लोकांनाही ठाऊक होता.

‘दाणा मी मागून घेतला, आई,’ लेक म्हणाली. ‘फसवून नाही कुणी दिला.’

याला काय उत्तर देणार? डिमिटरला वर्षाचे आठ महिने मिळाले, मला एकवीस दिवसांची रजा मिळते, त्यातले सहा सासरी. एवढं मात्र बोलून घेतलं.

वर चढून गेलं की मुख्य सभागृहाची जागा लागते, टेलेस्टेरिऑन. सुमारे पन्नास मीटर लांब-रुंद चौक, कडेने डोंगर तासून काढलेल्या पायऱ्या, खांबांचे नुसते बुंधे. हजारो माणसं इथे रात्री जमत आणि ‘रहस्य’ पाहत. ते बाहेर सांगितलं तर देहान्ताची शिक्षा. इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये अल्किबिआडीस नावाच्या बड्या अथेन्सकर सेनापतीवर, घरी मेजवानीत या व्रताची नक्कल केली म्हणून, आरोप आला होता. हजार वर्षांहून अधिक काळ हे व्रत चाललं आणि कुणी फोडलं नाही. तिसऱ्या शतकातला एक ख्रिस्ती लेखक मात्र सांगतो, की सर्वांत मोठं रहस्य म्हणून तिथे दाखवत ते शांतपणे कापलेलं एक कणीस. खरं असेल तर मला पटतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन बादशहाने जुनी पूजा बंद केली, पाठोपाठ गॉथ टोळ्यांनी देऊळ लुटलं, आणि संपलं.

याशिवाय डिमिटरचा आणखी एक सण होता, थेस्मोफोरिया, तो पुष्कळ गावी होई. पेरणीच्या तोंडावर, आणि फक्त बायकांचा. अथेन्समध्ये तो तीन दिवस चाले आणि लग्न झालेल्या बायका घर सोडून एकत्र राहत. मधल्या दिवशी जमिनीवर बसून उपास, देवीच्या दुःखाची आठवण म्हणून. आणि एकमेकींची भरपूर चावट थट्टा. नवऱ्यांना खर्च द्यावा लागे आणि तोंड उघडता येत नसे. मंगळागौरीच्या रात्री आपल्याकडे काय काय बोललं जातं ते पुरुषांना ठाऊक नसतं, तसंच!

आता शेतीच्या वीरपुरुषाबद्दल. वस्तुसंग्रहालयात एका मोठ्या शिल्पाची प्रतिकृती आहे, मूळ अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात, दोन मीटरहून उंच. डावीकडे डिमिटर, उजवीकडे मशाल घेतलेली पर्सिफनी, मधे एक पोरगा. त्याचं नाव ट्रिप्टोलेमस. देवीने त्याला गव्हाची कणसं दिली, पंख असलेला, सापांचा रथ दिला, आणि जगभर हिंडून माणसांना शेती शिकव म्हणून सांगितलं. सिथियाच्या राजाने त्याला झोपेत मारायचा बेत केला, तर देवीने त्या राजाचं रानमांजर करून टाकलं. ग्रीक मडक्यांवर हा आपला ऐटीत रथात बसलेला. अथेन्सकरांना तो फार प्रिय. शेती आम्ही जगाला दिली असं सांगायला बरा! त्या जोरावर त्यांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मित्र-शहरांना फर्मान काढलं, की जवाचा सहाशेवा आणि गव्हाचा बाराशेवा हिस्सा एल्युसिसला पाठवा. आणि खुद्द अथेन्सचं पोट भरत होतं काळ्या समुद्रापलीकडून जहाजाने येणाऱ्या गव्हावर. कारभारी मंडळी सगळीकडे सारखीच.

मला त्या शिल्पात पोरगा महत्त्वाचा वाटलाच नाही. दोन्ही बाजूंना मायलेकी, दोघी त्याच्यापेक्षा उंच. एक दाणे देतेय, दुसरीने त्याच्या डोक्यावर हात धरलाय. वणवण केली आईने, पाताळ पाहिलं मुलीने, आणि रथ मिळाला ह्याला! आपला बळीराजा मला त्याहून जवळचा. तो स्वतः पाताळात गेलाय आणि वर्षातून एकदा, पाडव्याला, वर येतो. त्याला काही सोसावं लागलंय. ट्रिप्टोलेमसचे म्हणून तीन नियम सांगतात, ते चांगले आहेत. आईबापांना मान द्या, देवांना फळं वाहा, मुक्या प्राण्यांना त्रास देऊ नका. पहिला नियम मी लेकीला दोनदा वाचून दाखवायला सांगितला.

त्याच संग्रहालयात एका दगडी बाईचा वरचा भाग आहे, डोक्यावर गोल पेटी. पूर्वी अशा दोघी दरवाजाला खांबासारख्या होत्या, आतल्या बाजूला. दुसरी इंग्लंडला केंब्रिजमध्ये आहे. तिची हकिगत ऐकाच. १८०१ साली एडवर्ड क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी इथे आला. तेव्हा तुर्कांचं राज्य. ती मूर्ती गावाच्या खळ्यापाशी शेणखताच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेली होती. गावकरी ख्रिस्ती, पण सणावारी तिच्यापुढे दिवा लावत. हिच्यामुळे आपलं शेत पिकतं, ही गेली तर पीक जाईल, अशी श्रद्धा. तिला खताच्या ढिगातच ठेवायची, यात मला तर शेतकऱ्याचं शहाणपण दिसलं. क्लार्कने तुर्क अंमलदाराला एक दुर्बीण नजर केली आणि परवाना मिळवला. नेण्याच्या आदल्या दिवशी एक बैल सुटून त्या मूर्तीवर धावून गेला आणि शिंगं मारायला लागला. झालं, गावकरी हात लावेनात. शेवटी गावच्या पाद्र्याने सणाचा झगा घालून पहिली कुदळ मारली, तेव्हा काम सुरू झालं. मूर्ती नेणारं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं. मूर्ती तेवढी वाचली. एवढं करून ती डिमिटर नव्हतीच, देवीची पेटी डोक्यावर घेतलेली सेविका होती. पण गावाला जी देवी होती ती गेली. परवानगी कुणाला विचारली? अंमलदाराला.

चर्च त्या अवशेषांच्या वरच्या टेकाडावर आहे, एवढंसं. संध्याकाळी बायका टोपल्या घेऊन चढायला लागल्या. पाव, कापडात गुंडाळलेले, आणि डबे. आजी नातवाच्या दंडाला धरून आल्या. आत धूप आणि मेणबत्त्यांची दाटी, बाहेर तेलाच्या कारखान्याचे दिवे. पाद्र्याने धान्यावर आशीर्वाद म्हटला आणि मग वाटावाटी. प्रत्येकीचा डबा प्रत्येकीकडे. अगदी आपल्या हळदीकुंकवाला डाळ-पन्ह्याची होते तशी. कुणाची गोडसर, कुणाची कांदा घातलेली. कुणी मला ओळखत नव्हतं, पण माझ्या हातात सात-आठ कागदी पेले जमले.

आजींनी आपल्या पातेल्यातलं चमचाभर तोंडात घातलं आणि थांबल्या. चावून पाहिलं. खपली शिजली तरी दाताखाली लागते. मी घाबरले, म्हटलं, देवाच्या प्रसादात नको ते घातलं की काय! लेकीने त्यांना काहीतरी सांगितलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘झेआ!’ लेकीने उलगडा केला. झेआ म्हणजे खपलीच, ह्यांच्याकडचीही जुनी जात. हजारो वर्षांपूर्वी इथे तोच गहू पेरत. आजींनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या हाताचा कंप माझ्या हाताला लागत होता. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. लेक सांगेना. मी म्हटलं, सांग ना.

‘विचारताहेत, तुमची मुलगी तुमच्याकडून वर्षातले किती दिवस घेऊन बसलेय मी?’

बसमध्ये परतताना मांडीवर उरलेला डबा होता, कोमट. लेक खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, ‘पुढच्या वर्षी गौरी कधी आहेत? अनुराधा नक्षत्र कधी येतं ते आत्ताच बघून सांग. जानेवारीत रजेचा अर्ज दिला तर मिळेल. तीनच दिवस, पण आवाहनाला मी असेन.’

मी म्हटलं, पंचांग आल्यावर कळवते. खपली पण नेऊन ठेवू का म्हणाली, आजींना पुढच्या वर्षी लागेल. म्हटलं, किलोभर ने.

घरी पोचतो तो ह्यांचा फोन. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण हे जागे. जेवलात का, काय केलंत दिवसभर. म्हटलं, गहू खाल्ले. देऊळ पाहिलं. मग मी लेकीच्या हातात डबा दिला, खुर्ची ओढून नीट बसले आणि म्हटलं, ‘आता जूनबद्दल बोलू या.’